पेडर रोड आणि चोपन्न वर्षं

पळण्याबद्दल काही लिहायचं तर आधी एक कबुली देणं भाग आहे. काही वर्षांपूर्वी मुंबई मॅरेथॉनमध्ये मी परतीच्या वाटेवर, पेडर रोडच्या चढावर थांबलो. साधारण ३५ किलोमीटर झाले होते. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, पण खरं सांगायचं तर मन आधी थांबलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली शंभराची नोट काढली, गल्लीबोळातून ग्रँट रोड स्टेशन गाठलं आणि लोकलने सरळ डोंबिवली. कोणालाही न सांगता.

बायको चर्चगेटजवळ मरीन ड्राइव्हवर लिंबू सरबताचा थर्मास घेऊन उभी होती. साडेबारापर्यंत.

हे सगळं आठवायचं कारण शिझो कानाकुरी नावाचा जपानी गडी. १९१२ साली जपान पहिल्यांदाच ऑलिंपिकला गेला, खेळाडू दोनच. त्यातला हा मॅरेथॉनवाला. बोट, मग सायबेरियातून रेल्वे, असं करत करत स्टॉकहोमला पोचला. शर्यतीच्या दिवशी भयंकर ऊन, आणि याच्या पायात कापडी जपानी जोडे. निम्मे लोक शर्यत पुरी करू शकले नाहीत. लाझारो हा पोर्तुगीज धावपटू तर दुसऱ्या दिवशी वारला. कानाकुरी अर्धं अंतर ओलांडल्यावर कोसळला. रस्त्याकाठच्या एका कुटुंबाने त्याला घरात घेतलं, पाणीबिणी दिलं. आणि मग गडी आयोजकांना न कळवताच निघून गेला! रोजनिशीत मात्र त्याने आपली लाज लिहून ठेवली आहे.

(वाचताना मला ग्रँट रोडचा जिना दिसत होता, हे सांगायला नकोच.)

पुढे याच माणसाने इतरांच्या साथीने १९२० मध्ये हाकोने एकिदेन सुरू केली. एकिदेन म्हणजे लांब पल्ल्याची रिले. पहिल्या वर्षी चारच कॉलेजं होती. आज २ आणि ३ जानेवारीला अख्खा जपान टीव्हीपुढे बसतो. तोक्यो ते हाकोनेचा डोंगर आणि परत, दोनशेहून जास्त किलोमीटर, दहा जण. बॅटन नाही, जानव्यासारखा तिरका घातलेला कापडी पट्टा, तासुकी, पुढच्याच्या हाती द्यायचा.

यातला पाचवा टप्पा डोंगर चढण्याचा. २००९ मध्ये तोयो विद्यापीठाच्या र्‍यूजी काशिवाबारा या पहिल्या वर्षाच्या पोराला पट्टा मिळाला तेव्हा संघ नववा होता, पहिल्यापेक्षा जवळजवळ पाच मिनिटं मागे. वर पोचला तो पहिला! तोयोने ती शर्यत पहिल्यांदाच जिंकली. २०१२ मध्ये त्याने हाच २३.४ किलोमीटरचा टप्पा १ तास १६ मिनिटं ३९ सेकंदांत काढला. पेडर रोडला चढ म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने यावर काय बोलावं?

पण मला सतावतो तो वेगळाच प्रसंग. परतीच्या दिवशी पहिल्या संघाला जाऊन वीस मिनिटं झाली, की मागच्या संघांच्या पुढच्या धावपटूला थांबता येत नाही. दुसराच पट्टा घालून निघावं लागतं. कधी कधी त्याचा जोडीदार शंभर-दोनशे मीटरवर दिसत असतो. तो लडखडत पोचतो, हातात पट्टा, आणि घ्यायला कोणीच नाही. असे व्हिडिओ मला पूर्ण बघवत नाहीत. तरी तो शेवटपर्यंत येतो, कारण कोणीतरी उभं असेल असं त्याला वाटत असतं. माझ्यासाठी तर खरोखरच उभं होतं.

असो. १९६७ मध्ये स्वीडिश लोकांनी कानाकुरीला पुन्हा बोलावलं. पंच्याहत्तरीच्या या आजोबांनी कोट घालून स्टॉकहोमच्या स्टेडियममध्ये फीत तोडली. अधिकृत वेळ जाहीर झाली : ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.

काल हे सगळं बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची बायको कुठे उभी होती तेव्हा?"

"लग्न झालं नव्हतं त्याचं. दोन वर्षांनी झालं."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.