मंगळवेढ्याच्या काळ्या रानात

पंढरपूरला जाणारी माणसे लाखांनी मोजावी लागतील. पण तिथून पंचवीसेक किलोमीटरांवर असलेल्या मंगळवेढ्याला वाट वाकडी करून जाणारा प्रवासी विरळाच. दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी खुली करणारे दामाजीपंत इथले. गावकूस बांधताना ते कोसळून चोखोबांचा अंत झाला तोही इथेच. देवदर्शन आटोपले की शहरी पाहुणा विचारतो, ‘‘इथे पाहण्यासारखे आणखी काय?’’ गावकरी हाताने क्षितिज दाखवतात. तिथे ना डोंगर, ना धबधबा. नजर पोहोचेल तिथपर्यंत काळी, सपाट जमीन.

माझ्या मते पाहावी ती हीच. मात्र ती पाहायची दसऱ्याच्या सुमारास, ज्वारीची पेरणी चाललेली असताना. इथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 ही जात याच मुलखाची. आपण पुण्यामुंबईत जी शुभ्र, मऊ भाकरी कौतुकाने खातो, ती या काळ्या मातीच्या पोटातल्या ओलीवर वाढते. पेरल्यावर पाऊस पडेलच असा भरवसा नसतो. जमिनीने साठवलेले पाणी हीच पिकाची शिदोरी.

म्हणून इथे ‘वाफसा’ या शब्दाला भारी मान. पाऊस थांबल्यावर रान इतके चिकट असते की चाक रुतते. चार दिवस ऊन तापले की भेगा पडू लागतात. या दोहोंच्या मधले जे थोडे दिवस, तो वाफसा. बी तेवढ्यात ओलीला गेले पाहिजे. मुहूर्त टळलेले लग्न पुढच्या महिन्यात लावता येते. वाफशाचे तसे नाही.

गेल्या वर्षी नेमक्या अशा दिवसांत मी मामेभावाकडे उतरलो होतो. दादांची अकरा एकर पेरायची होती आणि ट्रॅक्टर आजारी होता. एचएमटीचा झेटर 2511. पंचवीस अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरांचा. चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने हरियाणातल्या पिंजोरला 1971 पासून हे ट्रॅक्टर बनू लागले. कारखाना बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला, पण म्हाताऱ्या गड्यासारखे हे झेटर खेडोपाडी अजून राबताना दिसतात. मामांनी हा जुना घेतला तेव्हा मी शाळेत होतो.

दुखणे मोठे लबाड होते. सकाळी इंजिन झकास सुरू व्हायचे, ‘डुग् डुग् डुग्’ अशी ठेक्यातली लय धरायचे, आणि भर तासात एकाएकी अडखळू लागायचे. दोन ठोके, एक खाडा. मग काळा-पांढरा धूर. मग दम लागल्यासारखे मरगळायचे. खाली उतरून पाहावे, पुन्हा सुरू करावे, तर स्वारी ठणठणीत! तालुक्याच्या गॅरेजात दोनदा नेले. तिथे उभ्याउभ्या ते एकदाही चुकले नाही. डिझेलचे फिल्टर बदलले, नोझल साफ झाले, पाइपांत हवा धरली असेल म्हणून एअर काढली. साडेसहा हजार गेले, दुखणे राहिले. त्यातून टाकी गच्च भरली की ते वीस मिनिटांतच उपटे; अर्धी असली तर दोन तास येत नसे. तेव्हा दादांनी ठरवून टाकले, पंपावर डिझेल भेसळीचे मिळते!

‘‘भंगारवाला सत्तर हजार देतोय,’’ दादा मला म्हणाले. ‘‘भाड्याचा ट्रॅक्टर आठ दिवस मिळत नाही. तोवर ओल उडेल. तू शहरातला, तुला काय सांगू!’’ वहिनी चुलीपाशी गप्प बसून होत्या. त्या घरात वर्षाची ज्वारी विकत आणण्याची वेळ कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री आले. सायकलला पिशवी, पिशवीत चार पाने आणि एक दाभण. त्यांनी ट्रॅक्टरला हात लावला नाही. टाकी भरायला लावली, पेरणी सुरू करायला सांगितली आणि स्वतः बांधावर पान जमवत बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘सर, डॉक्टर आला की ताप उतरतोय. मग डॉक्टर आल्या आल्या काय करतोय, ते आधी बघाय पायजे.’’

पाऊण एकर झाले नसेल तोच इंजिन अडखळले. दादा सवयीने टाकीकडे धावले. ‘‘मालक, हात लावू नका!’’ मिस्त्री ओरडले. इंजिन रडतरखडत चालू ठेवून ते वर चढले आणि टाकीचे झाकण अगदी हळू सैल केले. ‘सुस्स्’ असा आवाज झाला. वारा बाहेर आला नाही, आत गेला. पाचसात ठोक्यांत इंजिन ताळ्यावर आले.

‘‘कुणी बी आलं की आधी डिझेल हाय का म्हणून झाकण उघडतंय. रोग पळतोय.’’ झाकणात हवेसाठी बारीक भोक असते. डिझेल कमी होईल तशी त्यातून टाकीत हवा शिरते. ते बुजले की आत पोकळी वाढत जाते आणि पंपाला डिझेल ओढवेना होते. भरल्या टाकीत मुळात हवाच थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. अर्ध्या टाकीतली हवा बराच वेळ पुरते. बिचाऱ्या पंपवाल्याचा बोल फुकट गेला.

‘‘हे कधीपासनं?’’ मिस्त्रींनी विचारले. गणपतीनंतर, असे दादा म्हणाले, आणि म्हणतामहणता त्यांची नजर झाकणावर खिळली. गणपतीच्या सुटीत आलेल्या पुतण्याने मोठ्या हौसेने ट्रॅक्टरला ऑइलपेंट दिला होता. झाकणही सोडले नव्हते. लालभडक, चकचकीत, भोकासकट!

मिस्त्रींनी दाभणाने रंग टोकरला, भोकात फुंकर मारली. दोनशे रुपये मागितले. दादांनी पाचशे दिले, तर तीनशे परत केले आणि बदल्यात घरची शेरभर जुनी ज्वारी मागून घेतली.

त्या रात्री दिवे लावून अकरापर्यंत पाभर चालली. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो तेव्हा दोन एकर उरली होती, आणि फाट्यापर्यंत झेटरचा ठेका ऐकू येत होता.