तोंडावर बॅटरी नका मारू!

तुमच्या बॅगेत काय काय असतं? लॅपटॉप, लिप-बाम, चार्जर, अर्धवट खाल्लेलं चिक्कीचं पाकीट, ऑफिसचं आय-कार्ड… बरोबर? माझ्याही बॅगेत हेच सगळं असतं. पण नाइट शिफ्टला गेटवर पोचले की यातलं जवळपास सगळं बाहेर लॉकरमध्ये जातं. माझ्याबरोबर आत येते ती शिट्टी, नोंदीची छोटी वही, पाण्याची बाटली आणि टॉर्च. कारण मी तुरुंगाधिकारी आहे. एका मध्यवर्ती कारागृहाच्या महिला विभागात. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही!

मैत्रिणींच्या गेट-टुगेदरमध्ये हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे ‘शोले’तल्या असरानीसारखी?’ दुसरा, ‘भीती नाही वाटत?’ आणि टॉर्चचा विषय निघाला की तिसरा, ‘अगं, मोबाइलला टॉर्च असतो की!’ असतो ना. पण मोबाइल आत नेताच येत नाही. कैद्यांना नाही, तसा आम्हालाही नाही. झडती आमचीही होते. त्यामुळे रात्रभर माझ्या हातात जो काही उजेड असेल तो त्या वीतभर नळकांड्यातून येणार. म्हणूनच टॉर्च निवडायला मी जेवढा वेळ घालवलाय, तेवढा माझ्या बहिणीने लग्नाचा शालू निवडायलाही घालवला नसेल.

नोकरीला लागले तेव्हा सिनियर्सचा सल्ला एकच होता. मोठा घे, जड घे, वेळेला उपयोगी पडतो. ‘उपयोगी’ म्हणजे काय ते कळलं ना? हा फंडा काही आपला एकट्याचा नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये मॅगलाइट नावाचा ॲल्युमिनियमचा टॉर्च बाजारात आला आणि तिथल्या पोलिसांचा लाडका झाला. सहा मोठे सेल घातले की लांबी दीड फूट. दिवा कमी आणि दंडुका जास्त! मग २००४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका पोलिसाने जमिनीवर पडलेल्या माणसाला अशाच धातूच्या टॉर्चने पुन्हा पुन्हा मारलं. वर हेलिकॉप्टरमधून चित्रण चालू होतं, सगळ्या शहराने ते टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर तिथल्या पोलीस खात्याने काय करावं? नुसती समज देऊन थांबले नाहीत, टॉर्चच बदलला. २००७ मध्ये छोटा, हलका, एलईडीचा टॉर्च खास बनवून घेतला. त्याने मारायचं म्हटलं तरी लागणार नाही असा. मला हा उपाय जाम आवडतो.

तर ‘जड घे’ हा सल्ला मी एका कानाने ऐकला आणि दुसऱ्याने सोडून दिला. एक तर माझा हात लहान. दुसऱ्या हातात किल्ल्या. आणि तिसरं, धातूचा जाड टॉर्च गजाला लागला की रात्री दोनच्या शांततेत असा काही घणघणतो की सगळी बराक उठून बसते.

आता तुम्ही म्हणाल, तुरुंगात रात्रभर दिवे चालू असतात, मग टॉर्च कशाला? दिवे असतात, खरंय. पण आपली मोठी कारागृहं जुनी आहेत. येरवड्याचं १८७१ चं. जाड भिंती, खोल कोपरे, संडासाकडचा आडोसा, आणि वरून गर्दी. येरवड्याची मंजूर क्षमता २,४४९, पण २०२० नंतरची काही वर्षं आत त्याच्या दुपटीहून जास्त माणसं होती. एवढ्या दाटीत एका दिव्याखाली सगळ्या सावल्या एकमेकींवर पडतात. डोक्यावरून चादर घेतलेली बाई झोपलीय की नुसतं गाठोडं आहे, हे गजाबाहेरून कळत नाही.

आणि रात्रीच्या फेरीचं खरं काम मोजणीपुरतं नसतं. कुणी पळून जाईल ही भीती सिनेमावाल्यांना जास्त. आम्हाला भीती असते ती आतल्या आत काही करून घेण्याची. नव्याने आलेली, घरच्यांनी भेटायला यायचं बंद केलेली, त्याच दिवशी जामीन नाकारलेली, अशा बायकांकडे मी जरा जास्त वेळ थांबते. काय बघते? छाती वर-खाली होतेय का, ते. बस्स, एवढंच. यासाठी किती उजेड लागतो माहितेय? जेमतेम पाच-दहा लुमेन. देवघरातल्या समईएवढा म्हणा.

पहिल्या काही दिवसांतच एका बाईने मला हा धडा दिला. मी फेरीवर होते, गजाआडून दबलेला आवाज आला, ‘मॅडम, तोंडावर बॅटरी नका मारू. पोरगं आत्ता कुठं झोपलंय.’

हो, पोरं असतात आत. सहा वर्षांची होईपर्यंत मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्याबद्दलचे नियम सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये घालून दिलेत. आता विचार करा, त्या पोराने काय गुन्हा केलाय? आणि दर फेरीला डोळ्यांवर हजार लुमेनचा झोत आला, तर त्याला झोप म्हणजे काय वाटेल? ज्या बाईला धड झोपू दिलं जात नाही, ती सकाळी नळावर भांडते. हा मानसशास्त्राचा मोठा सिद्धांत वगैरे नाही, आमच्या नोंदवहीतलं रोजचं दळण आहे.

तेव्हापासून माझी टॉर्चची परीक्षा उलटी सुरू होते. सगळे विचारतात जास्तीत जास्त किती उजेड पडतो. मी विचारते, कमीत कमी किती?

पुण्यात तपकीर गल्लीत मी हा प्रश्न विचारला तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मिसळीच्या हॉटेलात जाऊन ‘तर्री नसलेली द्या’ म्हटलं. त्याने एकेक मॉडेल काढून दाखवलं. पहिल्या क्लिकला भसकन फुल, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला मंद, आणि चौथ्याला… डिस्को! लुकलुकणारा तो मोड म्हणे हल्लेखोराला गोंधळात टाकतो. अहो, रात्री अडीच वाजता साठ झोपलेल्या बायकांवर चुकून हा मोड लागला, तर गोंधळ कुणाचा होईल? मला हवा तो टॉर्च पहिल्या क्लिकला मंद लागणारा. पूर्ण झोत हवा असेल तर बटण दाबून धरा. घाईत अंगठा आपोआप जोरात दाबला जातोच, मग झोतही तेव्हाच मिळावा. असा टॉर्च सापडायला मला पाच दुकानं लागली.

खोक्यावरचे आकडे हा तर वेगळाच विनोद. कुणी एक लाख लुमेन लिहितं, कुणी दोन किलोमीटर. चांगल्या कंपन्या निदान २००९ चं एफएल१ नावाचं अमेरिकन स्टँडर्ड पाळतात. पण त्याचीही गंमत आहे. ‘२०० मीटर पल्ला’ याचा अर्थ, २०० मीटरवर उजेड उरतो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. ०.२५ लक्स. चांदण्यात कविता सुचेल, पण माणूस ओळखू येईल का? म्हणून मी पल्ल्याचा आकडा सरळ निम्मा धरते, कधी कधी त्याहून कमी. ‘१० तास चालतो’ याचंही तेच. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ म्हणजे ते १० तास.

एका गोष्टीकडे मात्र फार कमी जण बघतात, आणि मी हट्टाने बघते. उजेडाचा रंग. स्वस्त एलईडी निळसर पांढरा असतो. त्यात सगळ्यांचेच चेहरे राखाडी दिसतात, लाल रंग मरतो. चादरीवरचा डाग रक्ताचा की चहाचा, ओठ निळे पडलेत की उजेडच निळा आहे, हे ठरवायला आमच्याकडे कधी कधी अर्धा मिनिट असतो. रंग किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो, सीआरआय. सूर्यप्रकाशाचा १००. नव्वदच्या पुढचा टॉर्च घ्या. थोडा महाग पडतो, झोतही थोडा कमी मिळतो. मिळू दे!

राहिला सेलचा प्रश्न. पेन्सिल सेल आणि चांदीच्या कागदाचा तुकडा मिळाला की त्यातून विडी पेटवता येते, हे तुरुंगात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे सेल सहज निघणारा टॉर्च मला नको. मागचं झाकण घट्ट फिरणारं, आत एकच १८६५० चा लिथियम सेल (म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब), आणि टॉर्च दोरीने पट्ट्याला बांधलेला.

इतक्या परीक्षा पास झालेला हा टॉर्च मी दिवाळीत मोठ्या दिमाखात गावी नेला. आणि आप्पांनी तो दोन मिनिटांत नापास केला!

गाव म्हणजे ओझर. विमानांचं, नाशिकजवळचं नव्हे. जुन्नर तालुक्यातलं, कुकडीकाठचं, विघ्नहराचं ओझर. अष्टविनायकाला आलेली तुमची गाडी जिथे पार्किंग शोधत फिरते ना, तिथून थोडं पुढे गेलं की ऊस सुरू होतो. धरणांचं पाणी आलं तसा ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. उसातच पिल्लं होतात, उसातच वाढतात. जखमी किंवा आईपासून चुकलेल्या बिबट्यांना जिथे नेतात ते माणिकडोहचं केंद्रही आमच्याच तालुक्यात आहे. मोटारीची लाइट पाळीने येते, पाळी रात्रीची आली की आप्पा फावडं घेऊन दारं धरायला निघतात. दारं धरणं म्हणजे एका सरीचं पाणी अडवून दुसऱ्या सरीत सोडणं. वाकून, चिखलात, अंधारात.

‘ही काय बॅटरी?’ आप्पा म्हणाले, ‘समोरच्याला दिसाया तर पायजे!’

‘आप्पा, फुल मोडला शंभर मीटर जातो.’

‘जाऊन काय करायचंय? वाघाला आपण दिसलो पायजे. आपल्याला वाघ दिसून काय उपेग?’

मी गप्पच झाले. लांब जाणारा बारीक झोत उसात कामाचाच नाही. पहिल्याच पात्यांवर आपटतो आणि आपल्याच डोळ्यांत परत येतो. तिथे हवा पसरट, अघळपघळ उजेड, पायापासून चार सऱ्यांपर्यंत. अंधारात दोन डोळे चमकले तरी तो वाघच असतो असं नाही. डोळ्याच्या मागचा चकाकता पडदा कुत्र्याला असतो, मांजराला असतो, शेजारच्या वासरालाही असतो. म्हणून आप्पा बघण्याच्या भानगडीत कमी पडतात. खाकरतात, मोबाइलवर भजन लावतात, बॅटरी हलवत चालतात. वन विभागवालेही हेच सांगतात. आवाज करा, उजेड दाखवा, एकटे वाकून बसू नका. पण दारं धरणारा माणूस वाकणार नाही तर काय करणार?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतकडे, महिन्याच्या आत तिघांचे जीव गेले. त्यात दोन लहान मुलं. त्यानंतर शेतात काम करणाऱ्या लोकांचे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. शहरातल्या ग्रुपवर ते ‘ओएमजी’ म्हणून फिरत होते. मी ते फोटो माझ्या ड्यूटीच्या आधी, लॉकरपाशी उभी राहून पाहिले आणि लगेच घरी फोन लावला. ‘आज लाइट किती वाजताची?’ आई म्हणाली, ‘बाराची.’ मोबाइल लॉकरमध्ये ठेवून मी आत गेले. सकाळपर्यंत काही कळायचा मार्ग नव्हता. दिवसा वीज द्या, ही मागणी आमच्या भागात का होते, ते त्या रात्री मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

आप्पांसाठी मग मी पुन्हा तपकीर गल्ली गाठली. यावेळी प्रश्न वेगळे. ओल्या, चिखलाच्या हाताने बटण दाबता येतं का? पाण्यात पडला तर? (खोक्यावर आयपीएक्स७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो.) दोन्ही हात फावड्याला लागतात, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी घेतली, पसरट झोताची. पण ती जिकडे तोंड तिकडेच बघते, पाठीमागे काळोख तो काळोखच. त्यावर आप्पांनी स्वतःच उपाय काढला. दुसरी एक चार्जिंगची बॅटरी ते बांधावर ठेवतात, पाठीमागच्या उसाकडे तोंड करून. शेजारचे काका हल्ली आप्पांच्याच पाळीला आपलीही दारं धरतात. दोन माणसं, चार बॅटऱ्या, एक भजन.

आणि माझा नापास टॉर्च? तो आईने ठेवून घेतला. आजी नव्वदीला टेकलीय. आई रात्री दोनदा उठते, पहिली क्लिक करते, उजेड भिंतीवर टाकते आणि आजीच्या छातीकडे बघत थोडा वेळ उभी राहते. हे मी तिला शिकवलेलं नाही. मी टॉर्च परत मागितला नाही. तसलाच दुसरा घेतला, दुकानदाराने आता न विचारताच मंद मोड लावून दाखवला.