तकदीर आणि हक्क

गेल्या वर्षी आमच्या घरच्यांची भाड्याची जीप घाटातल्या वळणावर उलटली. टपावर सामानाचा ढीग होता; वजन वर गेले की वेगात वळताना गाडी कलंडते. पट्टा नसल्याने खालू बाहेर फेकले गेले आणि अल्लाहला प्यारे झाले. खाला म्हणाल्या, "तकदीर होती, दावा कशाला?" आम्ही समजावले, "मौत तकदीरची. पण लेकरांचा हक्क का सोडायचा?" मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाख मिळतात. चालकाची बेपर्वाई दाखवता येत असेल, तर त्याऐवजी कलम 166 खाली जास्त मागता येते. आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. खालांनी अखेर सही केली. पंचनामा, दवाखान्याची बिले मात्र जपून ठेवा.