जुनी मोटार, नवे ब्रेक

मोटार किती वेगाने धावते हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ती किती अंतरात थांबते, असे विचारणारा विरळाच. वास्तविक, वाचकहो, शर्यतींचा इतिहास पाहिला तर थांबण्याच्या सोयीनेही वेगाला मोठाच हातभार लावला, असे दिसून येईल. चाकातील ड्रमच्या आतून दाबले जाणारे जुने ब्रेक वारंवार तापले की त्यांची पकड ढिली पडे. त्याऐवजी चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरावी, या कल्पनेचे पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते. तिला खरे यश लाभावयास अर्धे शतक जावे लागले. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीने जिंकली, त्यात अशा ब्रेकांचा मोठा वाटा होता. आज आपल्या दारातील मोटरसायकलीच्या पुढील चाकावर जी तबकडी चमकते, ती याच घराण्यातील.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्यापाशी १९६७ सालची एमजीबी ही उघड्या टपाची मोटार आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत या गाड्या तयार होत. गाडीतील प्रत्येक वस्तू मूळची असावी, असा स्नेह्याचा हट्ट. पुढील ब्रेकचे पॅड झिजले तेव्हा त्याने कोठून तरी त्याच काळातील न वापरलेल्या पॅडची पेटी पैदा केली आणि ती मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेविली.

माझा विरोध होता तो येथेच. आसनाचे कातडे मूळचे असावे, घड्याळही असावे. परंतु त्या काळच्या पॅडमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असे. उष्णता सहन करण्यात त्याचा हात धरणारे दुसरे द्रव्य नव्हते, हे खरे. पण त्याची सूक्ष्म धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग उद्भवू शकतो, आणि तोही कित्येक दशकांनंतर. १९९९ साली ब्रिटनने त्यावर बंदी घातली ती उगाच नव्हे. शेजारच्या आसनावर पत्नी बसते, सुटीत नातही बसते, एवढेच मी म्हणालो. स्नेही बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने आधुनिक पॅड मागविले.

पॅड बसविण्याचे काम तसे अवघड नाही. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी स्टँडवर घ्यावी. चाक काढल्यावर पॅड अडकवून ठेवणाऱ्या दोन पिना दिसतात. त्या काढल्या की पॅड बाहेर ओढता येतात. आतील काळी भुकटी तोंडाने फुंकू नये, हवेच्या नळीने तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, कारण अगोदरचे पॅड कशाचे होते कोण जाणे! नवे पॅड जाड असल्यामुळे त्यांना जागा करून देण्यासाठी पिस्टन सावकाश मागे रेटावे लागतात. त्या वेळी ब्रेक-ऑइल उलट वर चढते. टाकी भरून वाहिली तर ते रंग खाऊन टाकते, म्हणून थोडे अगोदरच काढून घेतलेले बरे. काढलेले तेल पुन्हा वापरू नये. ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा शिरला की कमी उष्णतेलाच उकळू लागते. पिना मात्र नव्याच घालाव्यात. पैशांची काटकसर करण्याची ही जागा नव्हे.

आता खरी जोखीम. मागे रेटलेले पिस्टन पॅडपासून दूर असतात. अशा स्थितीत गाडी हलविली तर पहिल्या दाबाला पावटी थेट तळाशी जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पावटी पुनःपुन्हा दाबावी, ती पायाखाली टणक लागेपर्यंत. त्यानंतरही आम्ही रिकाम्या रस्त्यावर माफक वेगाने अनेकदा हलके ब्रेक लावले व मध्ये तबकड्यांना निवू दिले. तबकडीशी अंग लागेपर्यंत नवा पॅड पुरती पकड घेत नाही.

जुनी पेटी आम्ही प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे पोहोचविली. वरचे छापील वेष्टन तरी ठेवून घेऊ का, असे स्नेह्याने दोनदा विचारले. शेवटी त्याचे छायाचित्र काढून घेण्यावर तडजोड झाली.