ओढू नका, मी फिरते

पालममध्ये डान्स शिकवतो म्हटलं की लोकांना शाळेचं गॅदरिंग आठवतं. आता माझं निम्मं काम लग्नांचं आहे. २०१६ ला 'सैराट' आला, 'झिंगाट'नं गावोगावच्या हळदी दणाणल्या. पण त्यात घोळक्यानं उड्या मारायच्या, कुणी कुणाकडं बघायची गरज नाही. नवरा-नवरीनं जोडीनं नाचायचं खूळ मोबाइलवरच्या व्हिडिओंनी आणलं. साखरपुडा झालेली पोरं येतात, "सर, सालसासारखं काहीतरी बसवा."

सोबत नवरीचा धाकटा भाऊ असतोच. तो कोपऱ्यात गेम खेळतो. रात्री फोनवर तासन् तास बोलणारे हे दोघं समोरासमोर आले की भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहतात.

"माझ्याच्यानं होत नसतंय सर," पोरगा आधीच हात टेकतो. मी विचारतो, दिंडीत पावली खेळलास का? शेगावची गजानन महाराजांची पालखी आमच्या परभणी-गंगाखेडवरूनच पंढरपूरला जाते. टाळ-मृदंग इकडच्या पायांना नवा नाही. पाऊल पुढं, पाऊल मागं, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर. सालसाचा मूळ पाय याहून फार वेगळा नाही. एक-दोन-तीन, चारला थांबा. पाच-सहा-सात, आठला थांबा. क्युबा, प्युर्तो रिकोच्या लोकांनी न्यूयॉर्कात वाढवलेला हा नाच आमच्या पत्र्याच्या हॉलमध्ये अर्ध्या तासात पायांत बसतो. अडतं ते हातापाशी.

गोदाकाठच्या एका गावची जोडी होती. त्यानं तिचा हात धरला तो गर्दीच्या एसटीत दांडा धरावा तसा. म्हटलं, मूठ सोड. तळवा वर, बोटं नुसती वाकव, तिची बोटं वरून टेकू देत. तिनं टेकवली. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली होती. तो मोजायचाच थांबला.

"दुखतंय का?"

"वेचणी चालूय ना."

"किती राहिलीय?"

"दोन एकर."

मी गाणं बंद केलं नाही, आवाज तेवढा कमी केला.

लाज घालवणं माझं काम नाही. लाजरं माणूस ताल कान देऊन ऐकतं. धीट पोरं आरशात स्वतःलाच बघतात. गिरकीत तर धिटाई फारच नडते. मुलानं एक-दोन-तीनमध्ये हात वर न्यायचा, पाच-सहा-सातवर मुलगी आपली आपण फिरते. त्यानं जोर लावला की तिचा तोल गेलाच. हा पठ्ठ्या दर वेळी जोर लावायचा. शेवटी तीच बोलली, "ओढू नका, मी फिरते." कोपऱ्यातल्या भावानं मोबाइलमधून मान वर केली. पुढची गिरकी साफ आली, आणि मग दोघं माझ्याकडं न बघता आपसातच मोजू लागले.

हळदीला डीजेवाल्यानं त्यांचं गाणं मध्येच तोडून 'झिंगाट' लावलं. मंडळी आत घुसली, निम्म्या गिरक्या राहूनच गेल्या. नवरदेवाचे काका हळहळले, "सर, पैसे वाया गेले की हो!"

पैसे मी आधीच घेतो.