जप्तीतील कॅसेट

या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे शोधण्याचे काम गेल्या उन्हाळी सुटीत आमच्याकडे आले. इतिहास हा आमचा विषय. तेव्हा जुने कपाट उघडण्याचा मान ओघानेच आमचा. कार्यालयातील लोखंडी कपाटाच्या तळाशी हजेरीपट होते, वसतिगृहाच्या धान्यसाठ्याच्या वह्या होत्या आणि एक पत्र्याचा डबा होता. डब्यात तळहाताएवढी पिवळी प्लॅस्टिकची कॅसेट निघाली. सोबत आमच्याच हस्ताक्षरातील चिठ्ठी : ‘इयत्ता ८ वी. पेटी तपासणीत सापडली. वार्षिक परीक्षेनंतर परत द्यावी.’ खाली तारीख होती फेब्रुवारी १९९६ ची.

ती परत दिली गेली नव्हती.

त्या दशकात शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांना ही कसली कॅसेट हे सांगावे लागणार नाही. नव्या पिढीच्या पालकांसाठी मात्र थोडा खुलासा आवश्यक आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. आपल्याकडे पोहोचल्या त्या बहुतांशी त्याच्या नकला. यंत्र टीव्हीला जोडायचे, वरच्या खाचेत कॅसेट बसवायची, की ‘मारिओ’ किंवा ‘कॉन्ट्रा’ सुरू. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालेना की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा सर्वमान्य उपचार होता. फुंकरीतील ओलाव्याने आतील धातूच्या पट्ट्या उलट खराब होतात, हे ज्ञान फार उशिरा झाले.

१९९२ साली लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला आली आणि नवी मुंबई झपाट्याने वाढू लागली. गावठाणांतील लहान दुकानांत तासाच्या भाड्याने हे खेळ खेळायला मिळत. आपल्या वसतिगृहातील मुले खाणकामगारांची, बांधकाम मजुरांची, घरकाम करणाऱ्या मातांची. मूळ जपानी यंत्र त्यांच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. नकलेच्या वाटेनेच ते जग त्यांच्यापर्यंत पोहोचले, हे इतिहासाच्या शिक्षकाने नोंदवले पाहिजे.

आम्ही मात्र तेव्हा नवे होतो आणि कडक होतो. व्हिडिओ गेम म्हणजे अभ्यासाचा शत्रू, इतकेच आम्हांस ठाऊक होते.

चिठ्ठीवर नाव नव्हते, तरी मुलगा आठवत होता. माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून त्याचा दूरध्वनी क्रमांक मिळाला. तो आता महापे येथे संगणक दुरुस्तीचे काम करतो. रविवारी सकाळी ‘जयभीम सर’ म्हणत तो आला. सोबत सातवीतील मुलगी, एक लॅपटॉप आणि मुलीचे, दोन्ही हातांत धरून खेळायचे नवे खेळयंत्र होते.

त्याने कॅसेट उघडली, पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, ती एका लहानशा उपकरणात बसवली आणि तिच्यातील सारा मजकूर लॅपटॉपवर उतरवून घेतला. जवळपास तीस वर्षे डब्यात पडून राहिलेला मजकूर शाबूत होता. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावतो, असे त्याने सांगितले. आज मोबाईलवर येणारे शुभेच्छांचे एक चित्रही सहसा त्याहून मोठे असते.

मग तो मजकूर त्याने नव्या यंत्रावर घेतला आणि ‘कॉन्ट्रा’ सुरू झाला. हे कसे घडते, असे आम्ही विचारले. या तंत्राला इम्युलेशन म्हणतात. जुन्या खेळाच्या आज्ञा जुन्या यंत्राच्या भाषेत लिहिलेल्या असतात. नव्या यंत्राला ती भाषा येत नाही. म्हणून नव्या यंत्रात एक प्रोग्रॅम बसवतात. तो जुन्या यंत्राचे सोंग घेतो. एकेक आज्ञा वाचतो आणि जुन्या यंत्राने जे केले असते तेच नव्याकडून करवून घेतो. आम्हांस पाली ग्रंथांची आठवण झाली. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. तोच मजकूर सिंहली, ब्रह्मी, थाई आणि देवनागरी लिप्यांतून वाचला गेला, म्हणून टिकला. वाहन बदलले, वचन तेच राहिले.

पडद्यावरील शत्रू वाढले की चित्रे लुकलुकत होती. ‘हा नव्या यंत्राचा दोष काय?’ आम्ही विचारले. तो हसला. जुने यंत्र पडद्याच्या एका आडव्या ओळीवर आठांहून अधिक हलती चित्रे दाखवू शकत नसे. म्हणून चित्रे आळीपाळीने दिसत. प्रोग्रॅम तो दोषही जसाच्या तसा उभा करतो. हवा तर काढून टाकता येतो. ‘पण सर, लुकलुकत नसेल तर तो आमचा कॉन्ट्रा नाही.’ साधनातील दोष पुसून इतिहास सुबक करू नये, हे आम्ही वर्गात सांगत आलो. येथे आमचाच विद्यार्थी आम्हांस ते सांगत होता.

सारेच मात्र परत येत नाही. बदकांवर नेम धरायची ती बंदूक जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चाले. चाप ओढताच क्षणभर पडदा काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील डोळा तो प्रकाश टिपे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, तेव्हा ती बंदूक आंधळी ठरते.

अधिकाराचा प्रश्नही आम्ही काढला. इंटरनेटवरून दुसऱ्याचे खेळ फुकट उतरवणे कायद्यात बसत नाही. २०१६ साली खुद्द निन्टेंडोनेच याच तंत्राने ३० जुने खेळ एका लहान यंत्रात घालून विकले. हे त्याला मान्य होते. पण त्या डब्यातील कॅसेट तरी कुठे अस्सल होती, असा त्याचा सवाल होता. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. त्याने सुरुवातीच्या चित्रावर बटणे दाबली आणि तीनऐवजी ३० लाइफ मिळाल्या. सनावळ्या जशा आमच्या जिभेवर, तसा हा क्रम त्याच्या बोटांत राहिला होता. तेव्हाच, खेळता खेळता, मान वर न करता तो बोलला.

कॅसेट त्याच्या एकट्याची नव्हती. चार मुलांनी तीस-तीस रुपये काढून ती घेतली होती. दुकानदाराकडे हा खेळ नव्हता. स्वतःची कॅसेट आणली की तो भाडे कमी घेई. सांभाळायला ती याच्या पेटीत ठेवली होती. जप्त झाल्यावर तिघांना वाटले, यानेच विकली. मे महिन्याच्या सुटीत त्याने तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोण्या उचलल्या आणि तिघांचे नव्वद रुपये फेडले. परीक्षेनंतर तो आमच्याकडे कॅसेट मागायला दोनदा आला होता. दोन्ही वेळा दारावरूनच परतला. त्याला भीती वाटली. आमची.

नाण्याला जे प्रश्न विचारावेत असे आम्ही मुलांना शिकवतो, ते असे : हे कोणाचे, कोणी पाडले, कोणाच्या श्रमातून आले, येथवर कसे पोहोचले? यांपैकी एकही प्रश्न आम्ही त्या कॅसेटला विचारला नाही. आम्ही तिचा फक्त धोका पाहिला. तेरा वर्षांच्या मुलाची सुटी त्यात गेली आणि आमच्या चिठ्ठीत त्याचे नावसुद्धा नाही.

आम्ही त्याची क्षमा मागितली. मुलगी खेळ थांबवून आमच्याकडे पाहत राहिली. तो संकोचला, म्हणाला, ‘सर, तुमच्यामुळे सनावळ्या पाठ झाल्या, हेही आहेच की.’ ही त्याची उदारता. त्याने आमचा हिशेब चुकता होत नाही.

चिठ्ठीखाली आम्ही ‘परत दिली’ असे लिहून सही केली. त्याने मात्र कॅसेट खिशात घातली नाही. ‘चौघांची आहे,’ तो म्हणाला, ‘उरलेल्या तिघांना विचारावे लागेल.’ त्या तिघांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने शाळेत अवश्य यावे. त्याने विकली नव्हती. ती आमच्या कपाटात होती.