कासवाचा शिक्का

डोंगरवाटेवर एखाद्या ओंडक्याखाली वा दगडांच्या कपारीत एक लहानशी डबी दडवलेली असते. तिच्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. शोधणाऱ्याने आपला शिक्का त्या वहीत उमटवायचा, डबीतला शिक्का आपल्या वहीत घ्यायचा आणि डबी होती तशी झाकून ठेवायची. न्यायचे काही नाही. 'लेटरबॉक्सिंग' नावाचा हा छंद इंग्लंडातील डार्टमूरच्या माळरानावर जन्मला. 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमीअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली, तिथवर पोहोचणाऱ्यांनी आपले नावाचे कार्ड त्यात टाकावे म्हणून. अमेरिकेत हा छंद 1998 साली 'स्मिथसोनियन' मासिकातील एका लेखानंतर फोफावला. परिग्रह न वाढवणारे असे खेळ जगात थोडेच असतील.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका जैन कुटुंबातील दहा वर्षांच्या मुलीला शाळेतल्या मैत्रिणीमुळे याचे वेड लागले. सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आलेली आजी घरात होती. शिक्का प्रत्येकाने स्वतः कोरायचा, ही या छंदातली खरी गंमत. नातीने मोठे खोडरबर घेतले आणि आजी रोज पाटावर तांदळाने काढते तो स्वस्तिक त्यावर कोरला: चार गतींच्या चार भुजा, वर रत्नत्रयाचे तीन ठिपके, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. कागदावर तो उलटा उमटला. शिक्का आरशासारखा असतो, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. आजी हसून म्हणाली, "भुजा डावीकडे वळल्या गं. पुन्हा कोर."

सुनेने मात्र शिक्का हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "आई, हा नको. सरळही नको."

सासूला प्रथम कळेचना. सुनेने समजावले. त्या डबीपाशी अर्थ सांगायला कोणी उभे नसते. वही उघडणाऱ्याला फक्त खूण दिसते, आणि या देशात ती खूण पाहून लोकांना हिटलर आठवतो. त्यात जायचे होते कॅट्सकिल पर्वतात. त्याच डोंगरांच्या दक्षिण भागात विसाव्या शतकात ज्यू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा घालवीत. छळछावण्यांतून वाचलेली माणसेही तिथे येत. त्यांच्यापैकी कोणाच्या नातवाने ती डबी उघडली तर?

"म्हणजे आपलं ते आपणच लपवायचं?" आजीने विचारले. सुनेपाशी उत्तर नव्हते. खरे तर या प्रश्नाचे उत्तर परदेशातील अनेक जैन घरांपाशी नाही. दारावरचे स्वस्तिक ठेवावे की काढावे, लग्नपत्रिकेवर छापावे की नाही, यावर तिथे वाद होतात आणि दोन्ही बाजूंची माणसे शहाणी असतात. दोन दिवस आजी या विषयावर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, पूजा आटोपल्यावर, नातीला म्हणाली, "कासव कोर. मुनिसुव्रतनाथांचं लांछन. तळ्याकाठी जायचंय, तर शोभेल. आणि कासवाला बघून कोणी घाबरत नाही."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मंडळी नॉर्थ-साउथ लेकला गेली. तळ्यापासून कॅट्सकिल माउंटन हाउसच्या जागेपर्यंतची चढण इतकी सोपी, की दुखऱ्या गुडघ्याची आजीही काठी टेकत पोहोचली. 1824 साली इथे तेरा स्तंभांचे भव्य हॉटेल उभे राहिले. न्यूयॉर्कचे श्रीमंत हडसन नदीतून बोटीने आणि पुढे घोडागाडीने येत. नंतर डोंगरावर चढणारी खास रेल्वेही झाली. पुढे वैभव ओसरले, इमारत मोडकळीस आली आणि 1963 च्या जानेवारीत सरकारनेच ती जाळून टाकली. आज तिथे मोकळे गवत आहे, पुढे कडा, आणि खाली दूरवर पसरलेले हडसनचे खोरे.

कड्याच्या खडकांवर एकोणिसाव्या शतकातील पाहुण्यांनी आपली नावे आणि साल छिन्नीने कोरून ठेवली आहेत. काही अक्षरे इतकी सुबक, की कारागीर बोलावला असावा असे वाटते. आजी वाकून एकेक नाव बोटाने चाचपत राहिली. "आपल्या डोंगरावरच्या पायऱ्यांवर देणगीदारांची असतात तशीच," ती म्हणाली. सून खुदकन हसली. त्या आठवड्यात दोघी प्रथमच एकत्र हसल्या.

डबीच्या खुणेचे कोडे नातीने सोडवले. एका पडलेल्या ओंडक्यापाशी सगळे थांबले. ती हात घालणार तोच आजीने अडवले. "आधी बघ, खाली कोण राहतं." रुमालाच्या टोकाने पाने हळूच बाजूला सारली, तर एक गोम निघाली. ती निवांत पलीकडे जाईपर्यंत तिघी ताटकळत उभ्या. मग डबी बाहेर आली. वहीत पाने, घुबडे, होड्या, एक चहाची किटली, कोणा कोणाच्या खुणा. त्यांच्या खाली हिरव्या शाईचे कासव उमटले, किंचित तिरके. ओंडक्याची पाने पूर्ववत करायला शोधण्याहून अधिक वेळ लागला.

सूर्यास्ताला अजून अवकाश होता. तळ्याकाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. इथे अस्वले असतात, खाण्याचा कणही मागे ठेवायचा नाही, असा नियम फलकावर होता. तो वाचून आजीने मान डोलावली आणि सांडलेले तुकडे स्वतः वेचले.

"आजी," नात म्हणाली, "दुसरा शिक्का करू का? फक्त घरच्यासाठी?"

आजीने सुनेकडे पाहिले. सुनेने डबा बंद करता करता म्हटले, "कर की. आजींच्या पूजेच्या वहीत उमटव."

"या वेळी उलटा कोर," आजी म्हणाली, "म्हणजे सरळ येईल."